सोडा कुठे चालतो, कुठे नाही

दिवाळीची आवराआवर निघाली की स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा घरभर फिरू लागतो. कुणी तो करपलेल्या पातेल्यात घालतं, कुणी तुंबलेल्या सिंकमध्ये ओततं, कुणी गादीवर भुरभुरवतं, कुणी पूजेच्या उपकरण्यांना चोळतं. काही ठिकाणी काम झकास होतं. काही ठिकाणी मात्र ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, कडप्प्याच्या ओट्याची चकाकी जाते आणि एवढी फसफस होऊनही सिंकमधलं पाणी तसंच तुंबून राहतं. मग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकच का? व्हिनेगर बरोबर घालायचं की नंतर? चांदीला चालतो, तर पितळेला का चालत नाही? सोड्याने जंतू मरतात का?

खाण्याचा सोडा मुळात दोनच कामं करतो. तो सौम्य अल्कली असल्यामुळे आंबटपणा मारतो आणि तेलकट, करपलेल्या थराची पकड सैल करतो. शिवाय न विरघळलेले त्याचे बारीक कण हलक्या हाताने घासल्यासारखं काम करतात. ज्या घाणीला यापैकी काही लागतं, तिथे सोडा चालतो. बाकीच्या घाणीला वेगळा उपाय लागतो, आणि तो बहुतेक वेळा घरातच असतो.

आधी पुडी ओळखा

दुकानात ‘सोडा’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकट्या दिसायला सारख्या असतात. त्यांचा जोर मात्र अगदी वेगवेगळा असतो. अल्कलीपणा सामूवर मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, त्यावरचे आकडे अल्कलीचे.

- खाण्याचा सोडा: सोडियम बायकार्बोनेट. पाण्यातल्या द्रावणाचा सामू ८.३च्या आसपास. उघड्या हाताने वापरला तरी सहसा त्रास होत नाही.
- धुण्याचा सोडा: सोडियम कार्बोनेट. सामू ११च्या आसपास. जुन्या चिकट तेलावर हा खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी जोरकस. हातमोजे घातल्याशिवाय वापरू नका, आणि स्वयंपाकात तर मुळीच घालू नका.
- बेकिंग पावडर: सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च यांचं मिश्रण. ओली होताच आतला सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात. सफाईला निरुपयोगी.
- पोटासाठीचं फ्रूट सॉल्ट: यातही सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड असतं. फेस भरपूर येतो, सफाई फारशी होत नाही.
- कॉस्टिक सोडा: सोडियम हायड्रॉक्साइड. नळी मोकळी करण्याच्या काही पावडरींत हा असतो. त्वचा आणि डोळे भाजतात. घरगुती प्रयोगांसाठी हा हातात घेऊच नका.

सुटा सोडा घेतला असेल तर एक खबरदारी घ्या. लिंबू पिळल्यावर फसफसला म्हणजे तो खाण्याचाच, असं समजू नका. धुण्याचा सोडाही लिंबाने तसाच फसफसतो. म्हणून दोन्ही सोडे वेगवेगळ्या आकाराच्या डब्यांत ठेवा, डब्यावर ठळक नाव लिहा, आणि धुण्याचा सोडा स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवूच नका.

जुना झालेला खाण्याचा सोडा फेकायची गरज नाही. केक फुगवायला तो कमी पडेल, सफाईला पुरतो.

घाण कोणती, ते ठरवा

डाग दिसला की लगेच सोड्याची बाटली उघडण्याआधी खालची यादी डोळ्यांखालून घाला.

- करपलेलं अन्न, ताजं तेल, चहा-कॉफीचे डाग, आंबूस वास: सोडा.
- नळावर, बादलीवर, शॉवरच्या जाळीवर बसलेला पांढरा थर: हे बोअरच्या जड पाण्यातले क्षार. ते स्वतःच अल्कली बाजूचे, त्यामुळे सोड्याने ढिम्म हलत नाहीत. व्हिनेगर, लिंबू किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व वापरा.
- तांब्या-पितळेचा काळपटपणा: इथेही आम्लच हवं. चिंच आणि मीठ, लिंबू आणि मीठ, किंवा पितांबरीसारखी पावडर. सोडा शेवटी कामाला येतो. भांड्यावर राहिलेलं आम्ल मारायला चिमूटभर सोड्याच्या पाण्याने विसळा, धुवा आणि लगेच कोरडं करा. आम्ल राहिलं तर भांडं पुन्हा लवकर काळवंडतं.
- मासळीचा वास: सोडा नको. मासळीच्या वासाला मुख्यतः अमाइन नावाची संयुगं कारण असतात आणि ती अल्कलीच असतात. कोकणात मासे साफ केल्यावर हाताला आणि विळीला चिंच, कोकम किंवा लिंबू चोळतात, ते रसायनाच्या हिशोबानेही अचूक आहे. आम्लामुळे अमाइनचं क्षारात रूपांतर होतं आणि वास उडायचा थांबतो.
- जंतू: सोडा हे जंतुनाशक नाही. कच्चं चिकन कापलेली पाटी आधी साबण आणि गरम पाण्याने धुवा, मग जंतुनाशकाच्या बाटलीवर दिलेल्या मापाप्रमाणे ते वापरा.

सोडा खरोखर जिथे कामाचा

करपलेलं स्टीलचं पातेलं. दूध तळाला लागलं किंवा भात करपला, तर तारेच्या घासणीने ओरखडे काढण्याआधी हे करून बघा:

1. करपलेला भाग बुडेल एवढं पाणी घाला.
2. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे सोडा टाका. पाणी आधीच उकळत असेल तर सोडा थोडा थोडा घाला, एकदम घातल्यास उतू येतं.
3. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. तापल्यावर खाण्याच्या सोड्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, त्यामुळे पाण्याचा जोर वाढतो.
4. गॅस बंद करून तासभर तसंच ठेवा.
5. लाकडी उलथन्याने थर सोडवा. उरलं तर ओल्या सोड्याने घासा.

चहाचे कप, गाळणी, थर्मास. कपाच्या आतल्या तपकिरी वलयावर चमचाभर सोडा, दोन-चार थेंब पाणी आणि ओलं फडकं एवढं पुरतं. स्टीलची गाळणी सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा. थर्मासमध्ये गरम पाणी आणि चमचाभर सोडा घालून रात्रभर ठेवा, झाकण मात्र उघडं असू द्या.

डब्यांचा वास. प्लास्टिकच्या डब्याला ताकाचा किंवा लोणच्याचा आंबूस वास येत असेल तर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा घालून डबा रात्रभर भिजवा. रबरी रिंग वेगळी काढा. वास बहुधा तिथेच मुरलेला असतो.

फ्रिज. फ्रिजमध्ये सोड्याची वाटी ठेवायची सवय जगभर गेली ती एका जाहिरातीमुळे. अमेरिकेतल्या ‘आर्म अँड हॅमर’ या सोड्याच्या ब्रँडने १९७२ साली डबा उघडून फ्रिजमध्ये ठेवा, असा प्रचार केला. कल्पना निरर्थक नाही, कारण आंबलेल्या दुधासारख्या पदार्थांच्या वासात आम्लं असतात आणि सोडा ती पकडतो. पण खोल वाटीतल्या फक्त वरच्या थराला हवा लागते, बाकीचा सोडा नुसता पडून राहतो. म्हणून वाटीऐवजी पसरट ताटलीत पातळ थर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. त्याहून जास्त फरक पडतो तो पुसण्याने. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा घाला, फडकं पिळून कप्पे, दाराची रबरपट्टी आणि खालचा भाजीचा ट्रे पुसा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. आधी फ्रिजचा प्लग काढायला विसरू नका.

मायक्रोवेव्ह. काचेच्या बोलमध्ये पेलाभर पाणी आणि चमचाभर सोडा घ्या. त्यात लाकडी चमचा उभा ठेवा, म्हणजे पाणी अचानक उसळणार नाही. दोन-तीन मिनिटं तापवा, दार पाच मिनिटं बंदच ठेवा, मग फडक्याने पुसा.

ओट्यामागच्या टाइल्स आणि शेगडी. ताज्या तेलाच्या शिंतोड्यांवर भांड्याचा साबण आणि सोडा यांचं घट्टसर मिश्रण लावून दहा मिनिटं ठेवा. एक्झॉस्ट फॅनभोवती वर्षभर साठलेला, बोटाला चिकटणारा पिवळा थर खाण्याच्या सोड्याने जेमतेम निघतो. तिथे गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि हातमोजे लागतात. पंख्याची पाती ॲल्युमिनियमची असतील तर धुण्याचा सोडाही नको, फक्त साबण. पितळी बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवता येतात. आधी रेग्युलेटर बंद करा, आणि भोकं पूर्ण सुकल्याशिवाय बर्नर परत बसवू नका.

घामट कपडे. व्यायामाच्या किंवा शाळेच्या खेळाच्या कपड्यांचा वास धुऊनही राहत असेल तर अर्धी बादली पाण्यात पाव वाटी सोडा विरघळवून तासभर भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. घामाच्या वासात स्निग्धाम्लांचा मोठा वाटा असतो, म्हणून याचा उपयोग होतो. रेशीम आणि लोकर यांना मात्र अल्कली मानवत नाही. पैठणी, रेशमी सोवळं, शाल यांपासून सोडा लांब ठेवा.

गादी आणि गालिचा. चाळणीने पातळ थर पसरा, चार-पाच तास ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. घरात व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर हा उपाय करू नका. कापसाच्या गादीत भुकटी शिरली की निघत नाही आणि पावसाळ्यात ओल धरते. अशा गादीला कडक ऊनच बरं. लहान मुलाने गादी ओली केली असेल तर आधी कोरड्या फडक्याने दाबून ओल टिपा, मग सोडा टाका. जुन्या डागाच्या झोंबणाऱ्या वासावर सोडा चालत नाही. तो अमोनियाचा वास असतो आणि अमोनियाही अल्कलीच.

चांदीची गंमत

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. पॉलिशने घासलं की काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जाते. सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांच्या युक्तीत घासावं लागत नाही. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवरच राहते.

1. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर.
2. निरांजन, वाटी, चमचे फॉइलला टेकतील असे ठेवा. टेकले नाहीत तर काही होणार नाही.
3. लिटरभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि चमचाभर मीठ घालून हळूच ओता.
4. पाच मिनिटं थांबा. सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो गंधकाच्या वायूचा असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा.
5. चिमट्याने काढा, धुवा, मऊ सुती कापडाने कोरडं करा.

मोती, खडे, मीनाकारी, लाख भरलेले दागिने यात बुडवू नका. नक्षीच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून कारागिराने मुद्दाम काळ्या ठेवलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना तर हे चुकूनही करू नका. ती सारी काळी छटा निघून जाईल. पिढीजात मौल्यवान वस्तू असेल तर सराफाकडेच न्या.

सोडा आणि व्हिनेगर: फेस कशाचा?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि उरतं ते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार, जो सफाईच्या फारसा कामाचा नाही. हिशोब मांडला तर ५ टक्के आम्ल असलेलं १०० मिलिलिटर व्हिनेगर सुमारे ७ ग्रॅम सोड्याने, म्हणजे साधारण दीड लहान चमच्याने, पूर्ण निष्प्रभ होतं. तेवढ्यातून जवळपास दोन लिटर वायू बाहेर पडतो. फेस दिसतो तो याच वायूचा. हलकी, सुटी घाण त्याने वर येते, एवढाच त्याचा फायदा. केस, तेलाचा गोळा, भाताची शितं यांतलं काहीच त्याने विरघळत नाही.

दोन्ही वापरायचे असतील तर एकापाठोपाठ एक वापरा. आधी सोड्याने तेलकटपणा काढा, पाण्याने धुवा, मग क्षारांवर व्हिनेगर लावा. आणि हे मिश्रण बाटलीत भरून झाकण कधीच लावू नका. दोन लिटर वायूला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर बाटली फुटते.

सिंक तुंबलं असेल तर हा क्रम ठेवा:

1. जाळी काढून हाताला लागेल तेवढा गाळ उपसा.
2. तेल साचलं असेल तर भांड्याचा साबण टाकून गरम पाणी ओता. उकळतं ओतू नका. पीव्हीसीचे पाइप ६० अंशांच्या वर मऊ पडू लागतात आणि जोड सैल होतात.
3. रबरी प्लंजरने दाब द्या. सिंकला दुसरं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करा.
4. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा, वाटी फिरवून काढा आणि धुवा. बहुतेक अडथळा इथेच सापडतो.
5. तरीही पाणी जात नसेल तर प्लंबरला बोलवा.

आधी नळी मोकळी करण्याची पावडर टाकून झाली असेल तर वर सोडा, व्हिनेगर काहीही घालू नका, आणि प्लंबर आला की पहिल्यांदा ते सांगा. नळीला नुसता वास येत असेल, तर मात्र दोन मोठे चमचे सोडा टाकून पंधरा मिनिटांनी गरम पाणी सोडणं पुरतं.

ओटा, फरशी आणि धातू

सोड्याचे कण किती मऊ असतात, याचं एक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा जीर्णोद्धार १९८६ साली पूर्ण झाला. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या आतल्या बाजूला डांबराचा थर बसलेला. वाळूच्या माऱ्याने पत्रा झिजला असता, म्हणून सोड्याच्या भुकटीचा मारा करून तो थर काढला गेला. घरातही स्टील, काच, सिरॅमिक टाइल्स यांना सोड्याने सहसा ओरखडे पडत नाहीत. तरीही काही पृष्ठभागांना तो चालत नाही:

- कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर: हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर दगडाचा वरचा थर खरोखर विरघळतो आणि निस्तेज डाग राहतो, तो पुसून जात नाही. सोडा दगड विरघळवत नाही, पण पॉलिश घासून मंद करतो आणि नीट धुतला नाही तर पांढुरका थर ठेवतो. कडप्प्याच्या ओट्यावर ‘सोडा आणि लिंबू’ हा उपाय टाळा, भांड्याचा सौम्य साबण वापरा. ग्रॅनाइट वेगळा दगड आहे आणि आम्लाला बराच टिकतो.
- ॲल्युमिनियम: अल्कलीमुळे वरचा संरक्षक थर जातो आणि भांडं काळं पडतं. कुकरच्या आतला काळेपणा घालवायला लिंबाच्या साली किंवा चिंच घालून पाणी उकळा.
- बिडाचा तवा, लोखंडी कढई: सोड्यात भिजत ठेवलं तर तेल मुरून बसलेला थर निघतो आणि गंज चढतो.
- नॉनस्टिक: भुकटीने घासू नका. सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून स्पंजने पुसा.
- चष्मा, मोबाइल, टीव्हीचा पडदा: यांच्यावरचे लेप काचेपेक्षा नाजूक असतात. कोणतीही भुकटी नको.
- पॉलिश केलेलं लाकूड: सोड्याचं पाणी लाकडाचा रंग बदलू शकतं.

खात्री नसेल तर कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडं लावून दहा मिनिटं बघा.

हळदीचा डाग लाल का होतो?

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडते, घाईत सोडा लावला जातो आणि पिवळा डाग लालसर तपकिरी होतो. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं. साबण लावल्यावरही तेच होतं, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करताना याच गुणाचा उपयोग होतो. कपडा भरपूर पाण्यात खळबळला की डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. तेल साबणाने काढा आणि कपडा ओला असतानाच उन्हात घाला. कर्क्युमिनचा रंग प्रकाशात टिकत नाही. दोन-तीन उन्हांत डाग फिका होऊन जातो. सोडा इथे लागतच नाही.

फळं धुवायला सोडा?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा, म्हणजे सुमारे दोन लहान चमचे, या द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर प्रयोगातल्या दोन कीटकनाशक-बुरशीनाशकांचे सालीवरचे अंश पूर्ण निघाले. पण सालीतून आत शिरलेला अंश निघाला नाही. म्हणजे सफरचंद, पेरू, टोमॅटो यांच्यासाठी हा उपाय करून बघण्यासारखा आहे. नंतर वाहत्या पाण्याने धुवा. प्रयोग दोनच रसायनांवर झाला होता, त्यामुळे ‘सोड्याने सगळी फवारणी निघते’ असं मात्र मानू नका.

हे कधीच करू नका

- ब्लीच आणि आम्ल एकत्र. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ‘सोडा-व्हिनेगर-ब्लीच’ असा एकत्र उपाय कुणी सांगितला तर अजिबात करू नका. वास आलाच तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा, दार उघडं ठेवा, आणि खोकला किंवा धाप असेल तर १०८ला फोन करा.
- सोड्याची धूळ उडवणं. दमा असलेल्या माणसाजवळ भुकटी भुरभुरवू नका. ओलं मिश्रणच करा.
- डोळ्यांत गेल्यावर चोळणं. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. धुण्याचा किंवा कॉस्टिक सोडा असेल तर धुऊन थेट डॉक्टरकडे जा.
- सफाईचा सोडा स्वयंपाकात. ओल्या हाताने, फडक्याने हाताळलेला डबा वेगळाच ठेवा.

विकत घेताना तुमचे हक्क

सोड्यावर आधारलेले क्लीनर हल्ली ‘केमिकल फ्री’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. सोडा हेही एक रसायनच आहे. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वे यांनी १८६०च्या दशकात उभी केलेली, मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा बनवायची पद्धत आजही जगभरच्या कारखान्यांत चालते. म्हणून पाकिटावरच्या विशेषणाआधी घटकांची यादी वाचा. यादीत सोडियम बायकार्बोनेट आणि सुगंध एवढंच असेल, तर किराणा दुकानातली पुडी तेच काम करते.

- खाण्याच्या सोड्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवा. घटक म्हणून ‘आयएनएस ५००’ असा क्रमांकही दिसतो.
- पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर ते देऊ नका.
- ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ अशा दाव्यांना पुरावा द्यावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.
- सोड्याच्या क्लीनरवर ‘जंतुनाशक’ असा दावा असेल तर जंतुनाशक घटक कोणता, ते यादीत शोधा. यादीत तो दिसला नाही तर कंपनीला लेखी विचारा.

वस्तू भेसळीची किंवा दिशाभूल करणारी निघाली, तर पाकीट आणि बिल जपून ठेवा, दोन्हींचे फोटो काढा आणि आधी दुकानदार व उत्पादक यांना लेखी कळवा. खाद्यपदार्थाची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. इतर तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकील करणंही सक्तीचं नाही. मुदत मात्र लक्षात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा.